शून्य म्हणजे न पाहणे : छ्यू शिहुआची निसर्गचित्रे आणि आपली समीक्षा

१

समीक्षेच्या व्यवहारात काही शब्द असे असतात की ते उच्चारले म्हणजे चर्चा संपते. ऐकणारा मान डोलावतो, बोलणारा पुढच्या मुद्द्याकडे वळतो, आणि ज्या कलाकृतीविषयी तो शब्द उच्चारला गेला ती होती तिथेच राहते. ‘शून्य’ हा अशा शब्दांपैकी एक. ‘रिक्तता’, ‘मौन’, ‘निराकार’, ‘पौर्वात्य दृष्टी’ असा त्याचा मोठा गोतावळा आहे. या गोतावळ्याविरुद्ध मला एक तक्रार मांडायची आहे. ती छ्यू शिहुआ या चिनी चित्रकाराच्या संदर्भात मांडायची, कारण या शब्दांनी ज्या चित्रकारांचे सर्वाधिक नुकसान केले आहे त्यांत त्याची गणना करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी ‘साहित्य आणि दृश्यकला’ या विषयावरील एका चर्चासत्रात छ्यूचे एक चित्र पडद्यावर दाखवण्यात आले. पडदा पांढरा होता तो पांढराच राहिला. यंत्र चालवणाऱ्या मुलाला वाटले, काही बिघाड झाला. तो उठून भिंगाशी खटपट करू लागला. सभागृहात हशा पिकला. वक्त्याने हात वर करून सर्वांना शांत केले आणि सांगितले की, बिघाड काही नाही, चित्र असेच आहे. हेच ते शून्य, ज्याच्याकडे पाश्चात्त्य कला शतकभर धडपडत निघाली होती आणि जे पूर्वेकडच्या कलावंताला वारशानेच मिळालेले असते. टाळ्या पडल्या. पुढचे चित्र आले. पहिले चित्र पडद्यावर मिनिटभरही टिकले नसेल.

हा प्रसंग दुसऱ्या कुणाचा म्हणून सांगणे सोयीचे झाले असते. पण त्या दिवशीचा वक्ता मीच होतो. छ्यूचे एकही मूळ चित्र तोवर मी पाहिलेले नव्हते. एका पुस्तकातील छापील प्रतिकृती आणि तिच्याखालचा एक परिच्छेद एवढ्या भांडवलावर मी बोललो होतो. तेव्हा पुढील विवेचनात ज्या समीक्षकाला मी धारेवर धरणार आहे तो मला परका नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

२

प्रथम चित्रकाराविषयी थोडे सांगायला हवे. छ्यू शिहुआचा जन्म १९४० चा, सिच्वान प्रांतातला. १९६२ साली शिआन येथील ललितकला अकादमीतून तैलचित्रणाचे शिक्षण घेऊन तो बाहेर पडला. हे साल आणि हे माध्यम दोन्ही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. चिनी कलाशाळांतील तैलचित्रणावर त्या काळी सोव्हिएत वास्तववादाचा पक्का ठसा होता. १९५५ ते १९५७ या वर्षांत कॉन्स्तान्तिन माक्सिमोव हा सोव्हिएत चित्रकार पेकिंगच्या मध्यवर्ती ललितकला अकादमीत शिकवीत होता. चित्र कोणासाठी काढायचे हा प्रश्न तर त्याही आधी, १९४२ साली, माओच्या येनान येथील भाषणांनी निकालात काढला होता. कामगार, शेतकरी आणि सैनिक यांना जे सहज उमगेल ते चित्र. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात छ्यू चित्रपटगृहासाठी जाहिरातफलक रंगवीत होता. जाहिरातफलक म्हणजे ज्याचा अर्थ रस्त्याच्या पलीकडून, चालता चालता, क्षणात कळला पाहिजे अशी प्रतिमा. १९८०नंतरच्या दशकात गोबीच्या वाळवंटात केलेल्या प्रवासानंतर त्याच्या चित्रांतील रंग विरळ होत गेले. पुढे १९९६ च्या साओ पाउलो आणि १९९९ च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांतून त्याची चित्रे चीनबाहेर पाहिली गेली. २०१२ मध्ये बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ या संग्रहालयाने त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्या प्रदर्शनाला ‘पांढरे क्षेत्र’ अशा अर्थाचे शीर्षक होते. माझी तक्रार खरे तर या शीर्षकापासूनच सुरू होऊ शकते.

कारण छ्यूची चित्रे पांढरी नाहीत. परदेशातील एका प्रदर्शनात त्याच्या एका मोठ्या, आडव्या कॅनव्हाससमोर मी प्रथम उभा राहिलो तेव्हा जे घडले ते शक्य तितके साधेपणाने सांगतो. पहिला मिनिटभर समोर एक फिकट पृष्ठभाग होता, त्यापलीकडे काही नाही. मग खालच्या तिसऱ्या भागात एक पट्टा बाकीच्यापेक्षा किंचित उबदार वाटू लागला. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला काही तरी दाटले आहे असे जाणवले. नेमके काय, ते सांगता येईना. तीन-चार मिनिटांनी त्या दाटपणाला उभट तुकडे पडले, आणि एका क्षणी ती झाडांची रांग झाली. झाडे दिसल्यावर खालचा पट्टा जमीन झाला, जमिनीतली एक फिकट रेघ पाणी झाली, आणि वरचा उरलेला सगळा पांढरेपणा धुके भरलेले आकाश झाला. मी जवळ गेलो. झाडे नाहीशी झाली. कापडाचा पोत आणि पिवळसर, निळसर, करड्या, तांबूस छटांचे पातळ थर तेवढे उरले. कुंचल्याचा फटकारा म्हणून बोट ठेवावे असे काही सापडले नाही. मागे सरकलो, थांबलो. झाडे परतली, पण पूर्वीच्या जागी आणि पूर्वीइतकीच परतली असे शपथेवर सांगता येणार नाही. या पुढेमागे करण्यामुळे तिथला रखवालदार माझ्याकडे संशयाने पाहू लागला होता. त्या दालनात चित्राशी योग्य रीतीने वागणारा मी बहुधा पहिलाच नसेन, त्यामुळे त्याने मला हटकले नाही.

आता ‘शून्य’वाद्यांचा पहिला दावा तपासू. छ्यूचा पांढरा रंग म्हणजे चिनी चित्रपरंपरेतील रिकाम्या जागेचा आधुनिक अवतार, असे सांगितले जाते. चिनी शाईचित्रात कागद वा रेशीम न रंगवता तसेच सोडण्याला ‘लिउबाइ’ म्हणतात. शब्दशः ‘पांढरे सोडणे’. क्वो शीचे ‘वसंतारंभ’ हे १०७२ सालचे चित्र पाहिले तर डोंगराच्या घड्यांमधले बरेचसे धुके हे मूळचे रेशीमच आहे हे कळते. चित्रकाराने तिथे हात राखून ठेवला आहे. छ्यूने याच्या नेमके उलट केले आहे. त्याच्या कॅनव्हासवर सोडलेले असे काही नाही. जे पांढरे दिसते ते तैलरंगाचे आहे, थरावर थर देऊन, वाळू देऊन, पुन्हा थर देऊन रंगवलेले आहे. लिउबाइमध्ये पांढरे हे आधी असते आणि चित्र त्यावर येते. छ्यूमध्ये चित्र आधी येते आणि पांढरे त्याच्यावर, त्याच्यातून, कष्टाने आणले जाते. एक कृती थांबण्याची आहे, दुसरी करत राहण्याची. या दोहोंना एकाच ‘रिक्तते’च्या नावाखाली आणायचे तर माध्यम, साधने आणि हाताची कृती या तिन्हींकडे दुर्लक्ष करावे लागते. एवढ्या दुर्लक्षानंतर जे हाती लागते त्याला परंपरेचे भान म्हणणे हा परंपरेवरही अन्याय आहे.

३

दुसरा दावा ‘मौना’चा आहे. चित्र काही बोलत नाही, प्रेक्षकाला शांत करते, त्याचे मन विचाररहित करते वगैरे. या चित्रांसमोर डोळ्याचे काय होते ते ठाऊक असणारा माणूस असे लिहिणार नाही.

दोन जवळच्या छटांमधला फरक डोळ्याला कळावा यासाठी तो किमान किती असावा लागतो, हा प्रश्न वेबर आणि फेख्नर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रयोगाच्या पातळीवर आणला. फेख्नरचा ग्रंथ १८६० चा. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा की, जाणवण्याजोगा किमान फरक हा मूळ उद्दीपकाच्या प्रमाणात बदलतो. अंधाऱ्या खोलीत एका मेणबत्तीची भर लगेच कळते; शंभर मेणबत्त्यांच्या उजेडात ती कळत नाही. भरपूर उजेडातल्या उजळ पृष्ठभागावर छटांचे फरक ओळखणे म्हणून कठीण, आणि छ्यू नेमका त्या कठीण प्रदेशात, जाणिवेच्या उंबरठ्याच्या काठाकाठाने, आपली झाडे लावतो. त्याहून आधी, १८०४ मध्ये, ट्रॉक्सलरने नोंदवले होते की एका बिंदूवर दृष्टी खिळवून ठेवली तर दृष्टिक्षेत्राच्या कडेच्या फिकट गोष्टी विरून जातात. दृष्टी हलली की त्या परत येतात. म्हणजे छ्यूच्या चित्राकडे ‘ध्यानस्थ’ होऊन टक लावणाऱ्याला चित्र कमी दिसण्याचीच शक्यता अधिक. डोळा फिरवायला हवा, सोडायला हवा, परत आणायला हवा. १९३० मध्ये मेट्सगरने प्रेक्षकाला सर्वत्र एकसारख्या प्रकाशाच्या क्षेत्रासमोर बसवले. प्रेक्षकाला भिंत दिसेना, अंतराचा अंदाज लागेना, सभोवार धुके भरल्यासारखे वाटू लागले. छ्यूचे चित्र त्या एकसारखेपणाच्या अगदी जवळ जाते, पण तिथे पोचत नाही. पोचू न देणारा जो अत्यल्प फरक आहे तोच चित्राचा विषय आहे, असे मी म्हणेन.

तेव्हा इथे मौन नाही. इथे डोळ्याला त्याच्या शक्तीच्या सीमेवर कामाला लावलेले आहे. ज्याला हे काम करायचे नाही त्याने त्याला शांतता म्हणावे, पण ती शांतता चित्राची नसून काम न करणाऱ्या डोळ्याची आहे.

याच कारणाने या चित्रांची छापील प्रतिकृती खोटी असते, आणि ती दोन प्रकारे खोटी असू शकते. छपाईत अतिशय फिकट छटांचे ठिपके कागदावर टिकत नाहीत. प्रामाणिक छपाई केली तर पान कोरे दिसते. मुद्रकाने चित्र ‘दिसावे’ म्हणून छटांमधला विरोध वाढवला तर पहिल्या क्षणीच धुक्यातली झाडे दिसतात आणि एखाद्या दिनदर्शिकेवरचे निसर्गचित्र हाती येते. पहिल्या प्रतिकृतीत झाडे नसतात, दुसरीत विलंब नसतो. छ्यूचे चित्र म्हणजे झाडे अधिक विलंब. पडद्यावर चित्र दाखवून मी ज्याला शून्य म्हटले होते ते पहिल्या प्रकारच्या प्रतिकृतीतले शून्य होते. म्हणजे ते शून्य चीनमधून आलेच नव्हते; ते आमच्या सभागृहातल्या यंत्रातून आले होते.

याचा अर्थ छ्यूचे चिनी परंपरेशी नाते नाही असा नव्हे. नाते आहे, पण ते शून्याचे नसून पाहण्याच्या प्रश्नाचे आहे. चौथ्या-पाचव्या शतकातील त्सुंग बिंगने निसर्गचित्रावरील आपल्या छोट्याशा लेखात विचार केला तो असा की, पर्वत फार जवळ आला तर डोळ्यात मावत नाही आणि दूर गेला की वीतभर रेशमात मावतो. हा दृक्-संवेदनाचा प्रश्न आहे. म्हातारपणी प्रवास झेपेना तेव्हा आपण पाहिलेले डोंगर त्याने खोलीच्या भिंतींवर काढले आणि पडल्या पडल्या त्यांत हिंडायचे ठरवले, अशी नोंद आहे. तिथेही चित्र म्हणजे कालावधी घेणारी एक कृतीच आहे. क्वो शीच्या नावावर असलेल्या आणि त्याच्या मुलाने सिद्ध केलेल्या ग्रंथात उंचीचे, खोलीचे आणि सपाटीचे अशी तीन अंतरे सांगितली आहेत, आणि पावलागणिक डोंगराचे रूप बदलते हेही आवर्जून मांडले आहे. क्वो शीने ही पावले चित्राच्या आत, पायवाटेवरच्या माणसांना दिली. छ्यूने ती चित्राबाहेर, दालनात उभ्या असलेल्या माणसाला दिली. परंपरेचा धागा पकडायचा तर तो इथे आहे. तो पकडण्यासाठी एकदाही ‘शून्य’ म्हणावे लागत नाही.

४

आतापर्यंत मी ज्यांच्याशी भांडलो ते अध्यात्माच्या वाटेने येणारे समीक्षक. दुसऱ्या वाटेने येणारे समीक्षक आपल्या विद्यापीठीय वर्तुळात आज अधिक प्रतिष्ठित आहेत, आणि साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना ते अधिक जवळचे वाटतात. त्यांच्या लेखी चित्र ही संहिता आहे, पाहणे हे वाचन आहे, आणि निसर्ग, झाड, क्षितिज ही संकेतव्यूहातील चिन्हे आहेत. या भूमिकेने आपल्याला पुष्कळ दिले आहे, हे मी नाकारत नाही. ‘चित्र म्हणजे जगाची नक्कल’ हा भोळा समज तिने मोडून काढला. पण तिची मर्यादा छ्यूच्या कॅनव्हाससमोर जितकी उघडी पडते तितकी क्वचित कुठे पडत असेल.

या बाजूचा सर्वांत समर्थ प्रतिनिधी म्हणून नॉर्मन ब्रायसनचा उल्लेख करता येईल. १९८३ च्या ‘व्हिजन अँड पेंटिंग’ या ग्रंथात त्याने गोम्ब्रिखच्या संवेदनकेंद्री उपपत्तीवर हल्ला चढवला आणि चित्राला चिन्हव्यवहारात आणून बसवले. त्याच ग्रंथात त्याने एक प्रसिद्ध भेद केला. पाश्चात्त्य तैलचित्र आपल्या घडणीच्या खुणा पुसून टाकते. कुंचला धरणारे शरीर आणि त्याला लागलेला वेळ दोन्ही लपवते आणि प्रेक्षकापुढे कालरहित दृश्य ठेवते. चिनी शाईचित्रात याच्या उलट प्रत्येक फटकारा हा हाताच्या हालचालीची आणि तिच्या कालावधीची उघड नोंद असतो. भेद आकर्षक आहे. पण छ्यूला कोणत्या बाजूला बसवायचे? तो चिनी आहे आणि तैलरंगात काम करतो. तो फटकाऱ्याची प्रत्येक खूण पुसतो, म्हणजे ब्रायसनच्या हिशेबाने त्याने काळ नाहीसा करायला हवा होता. आणि त्याच्या चित्राइतका काळ दुसरे कुठले चित्र मागत नाही. काळ चित्रकाराच्या मनगटातून निघून प्रेक्षकाच्या डोळ्यात गेला आहे. चिन्हांची उपपत्ती याला जागा देत नाही, कारण तिच्या मते झाडाचे चिन्ह एक तर आहे किंवा नाही. इथे चार मिनिटे असे काही आहे जे अजून झाड झालेले नाही आणि तरीही काहीच नाही असे नाही. वाचायचे काय, तर अजून अक्षर उमटलेले नाही.

वाचनवादी समीक्षेला आवडणारी चिनी चित्रे कोणती, हेही पाहण्यासारखे आहे. १९८९ नंतर पाश्चात्त्य संग्रहालयांत आणि लिलावांत गाजलेली चित्रे बहुतांशी एका नजरेत ओळखू येणारी होती. माओचा चेहरा, मोठ्याने हसणारे गुलाबी चेहरे, क्रांतीच्या भित्तिपत्रकांवर बसवलेली परदेशी मालाची बोधचिन्हे. त्यांतील उपरोध खरा आहे आणि त्यामागची वेदनाही खरी आहे. पण ती वाचता येतात. त्यांना विधान असते, आणि विधान असले की प्रबंध लिहिता येतो. या बाजारात छ्यूची पंचाईत झाली. त्याच्यात विधान सापडेना, म्हणून त्याला अध्यात्माच्या खात्यावर टाकण्यात आले. एकाला राजकारणाचे लेबल, दुसऱ्याला ‘ताओ’चे. दोन्ही लेबले लावणाऱ्याला चित्रासमोर उभे राहण्याची गरज पडत नाही. संहितावादी आणि शून्यवादी हे एकमेकांचे वैरी समजले जातात. पाहणे टाळण्याच्या बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत.

माझ्या मते ज्याने तरुणपणाची वर्षे क्षणात कळणाऱ्या प्रतिमा रंगवण्यात घालवली, त्याने पुढे क्षणात न कळणारी प्रतिमा घडवावी, ही गोष्ट कोणत्याही उपरोधापेक्षा कमी राजकीय नाही. हे माझे अनुमान आहे. पण ते चित्राच्या घडणीवरून केलेले आहे, लेबलावरून नाही.

इथे आपल्या तत्त्वचिंतनातील एक जुना वाद उपयोगी पडतो. नैयायिकांनी प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार मानले. पहिल्यात वस्तूचे नाव, जाती यांच्याशी न जोडलेले ज्ञान. दुसऱ्यात ‘हे झाड आहे’ असे. दिङ्नागाच्या मते कल्पनेने अस्पर्श असलेले तेवढेच प्रत्यक्ष. भर्तृहरीच्या मते शब्दाने अनुविद्ध नसलेले ज्ञानच नाही. आजचा संहितावादी हा नकळत भर्तृहरीच्या बाजूचा आहे, एवढेच की भर्तृहरीइतके कष्ट त्याने घेतलेले नसतात. एरवी निर्विकल्पक अवस्था इतकी क्षणिक मानली जाते की तिच्याविषयी केवळ अनुमान करावे लागते. छ्यूने तो क्षण ताणून काही मिनिटांचा केला. त्याच्या चित्रासमोर हा वाद ग्रंथांतून बाहेर येऊन अनुभवाच्या कक्षेत येतो. आणि अनुभव दोन्ही पक्षांना पुरता अनुकूल नाही. शेजारचा कुणी ‘झाडे’ म्हणाला तर आपल्याला झाडे लवकर दिसतात. म्हणजे शब्दाचे सामर्थ्य खरे. पण ‘झाडे’ असे कितीही वेळा म्हटले तरी डोळ्याने आपला वेळ घेतल्याशिवाय ती दिसत नाहीत. म्हणजे शब्द पुरेसा नाही. या संज्ञा मी चित्रकाराला भारतीय ठरवण्यासाठी आणलेल्या नाहीत. त्या चष्म्यासारख्या वापरायच्या आहेत, कुळाच्या दाखल्यासारख्या नाहीत.

मराठी समीक्षेला तर या प्रश्नाचे वावडे असण्याचे काहीच कारण नाही. मर्ढेकरांनी कलेचा विचार इंद्रियसंवेदनांपासून सुरू केला आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची रचना कशी होते हे सांगण्याचा प्रयत्न केला. शुद्ध संवेदना असते का, या शंकेने त्यांच्या उपपत्तीची कठोर तपासणी झाली, ती योग्यही होती. पण त्या तपासणीनंतर आपण प्रश्नच सोडून दिला. विरोधाची मात्रा उंबरठ्याखाली नेली तर लय कशाला म्हणायचे, हा खास मर्ढेकरी प्रश्न छ्यूची चित्रे विचारतात, आणि आपण उत्तरादाखल ‘शून्य’ म्हणतो. घरातही आपण वेगळे वागलो नाही. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्याविषयीच्या लेखनात ‘झेन’ हा शब्द जितक्या वेळा येतो तितक्या वेळा रोलर आणि पॅलेट नाइफ येत नाहीत. ते रंग कसा चढवीत आणि कसा खरवडून उचलीत, याचे वर्णन दुर्मीळच. गायतोंडे यांना झेनविषयी आस्था होती हे खरेच. पण कॅनव्हासवर आस्था चढत नाही, रंग चढतो. प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’सारखे, एका चित्रकाराने मराठीत केलेले चिंतन १९९० पासून आपल्यापाशी असताना ही अवस्था असावी, याची खंत वाटते.

५

दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत. पहिला असा की, छ्यू स्वतः ताओवादी आहे, त्याच्या चित्रांचा संबंध साधनेशी जोडला जातो, मग त्याला त्या भाषेत समजून घेण्यात काय चुकले? उत्तर असे की, कलावंताची श्रद्धा हे त्याच्या कलाकृतीचे वर्णन नसते. शिवाय ती श्रद्धा गंभीरपणे घ्यायची तर साधना म्हणजे दीर्घकाळ केलेली कृती, हे तरी ध्यानात घ्यावे. साधनेची फळे मिनिटभरात, एका शब्दात उचलू पाहणारा समीक्षक ताओचा आदर करीत नाही, त्याची उचल घेतो.

दुसरा आक्षेप अधिक पंडिती आहे. मी ‘निरागस डोळ्या’ची मागणी करीत आहे, आणि असा डोळा नसतो हे गोम्ब्रिखने १९६० मध्येच दाखवून दिले, असे म्हटले जाईल. मला ते मान्य आहे. डोळा निरागस नसतो, तो घडवलेला असतो. आणि म्हणूनच तो घडवण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर येते. अ‍ॅड राइनहार्टची १९६० नंतरची काळी चित्रे पाहायलाही डोळ्याला अशीच काही मिनिटे लागतात. पण राइनहार्टला चित्रातून निसर्ग पुरता घालवायचा होता, छ्यूला झाड राखायचे आहे. हा फरक वर्णन केल्याशिवाय कळत नाही. ‘पाश्चात्त्य शून्य’ आणि ‘पौर्वात्य शून्य’ अशा दोन कप्प्यांत तर तो कधीच सापडणार नाही.

माझी मागणी लहान आहे. अर्थनिर्णयाआधी वर्णन यावे. चित्र मूळ पाहिले की प्रतिकृती, किती वेळ, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, हे समीक्षकाने सांगावे. कवितेविषयी लिहिताना आपण पाठ कोणता वापरला हे सांगतो, तसे. आणि जे दिसले नाही त्याला तत्त्वज्ञानाचे नाव देऊ नये. हे साहित्याच्या समीक्षेलाही तितकेच लागू आहे. कवितेतील जी ओळ लगेच उलगडत नाही तिच्यावर ‘मौन’, ‘अवकाश’, ‘अर्थाची अनिश्चितता’ अशी झाकणे ठेवून आपण किती ओळी न वाचता सोडल्या, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

त्या चर्चासत्रानंतर विद्यार्थ्यांनी वृत्तान्त लिहून दिले होते. बहुतेकांनी माझेच ‘शून्य’ मला परत केले आणि मी त्यांना चांगले गुण दिले. एका विद्यार्थ्याने लिहिले होते की, पडद्यावर चित्र दिसले नाही. मी लाल शाईने ते वाक्य खोडून वर ‘शून्यतेचा प्रत्यय आला’ असे लिहिले होते. त्या दिवशी सभागृहात झालेली समीक्षा एवढीच होती, आणि ती मी खोडली होती.